पुसायचा मुहूर्त

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सदर भागातल्या आमच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता, आणि तो इतका मंद झाला होता की एक पत्र उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. त्याचं कारण मला ठाऊक होतं. आमच्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, मुलीच्या लग्नासाठी पत्रिका आणि मुहूर्त काढणारा प्रोग्राम त्यात टाकला होता, आणि अख्ख्या ऑफिसच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या पत्रिका त्यात साठल्या होत्या.

सगळं पुसून कॉम्प्युटर नव्याने भरू, असं मी आठवडाभर सांगत होतो. कामाच्या फायली फ्लॉप्यांवर उतरवूनही ठेवल्या होत्या. बडे बाबूंचं एकच, "काहून घाई करून राहिला गा? एकदा पुसलं का गेलं."

शेवटी ते तयार झाले, पण मुहूर्त पाहूनच पुसायचं या अटीवर. आणि मुहूर्त काढायला त्यांनी तोच प्रोग्राम लावला! साडेदहाला बटण दाबलं. कॉम्प्युटरला धूळ नको म्हणून दाराबाहेर चपला काढून आम्ही दोघं पडद्यासमोर बसून राहिलो. माझं डोकं तापलं होतं. जेवणाचे डबे उघडायच्या वेळेला प्रिंटर कुरकुरला. कागदावर लिहिलं होतं: आज शुभ वेळ सकाळी साडेअकरापर्यंत.

बडे बाबूंनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

"पुस गा," ते म्हणाले.

संध्याकाळी कोरा कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. मी कामाच्या फ्लॉप्या उचलल्या, तर बडे बाबू आधीच प्रोग्रामची फ्लॉपी घेऊन उभे.

"थांब, पहिले हे टाक. आता मुहूर्त वेळेवर निघते."