पानाकडे पाहणाऱ्या हमीदा आपा

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत वऱ्हाडातल्या वार्ताहराला रोज एकाच रंगाची बातमी लिहावी लागे, आणि ती लिहिताना शब्दही थकून जात. एका सकाळी संपादक म्हणाले, आज काहीतरी हसरे आणा. म्हणून मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. हमीदा देशमुख यांच्याकडे गेलो. नाव विचारण्याआधी त्यांनी माझ्या हातात अळूचे पान ठेवले आणि त्यावर पाणी सोडले. थेंब पाऱ्यासारखा घरंगळत माझ्या बुटावर पडला. त्यांच्या प्रयोगशाळेत स्वागताची हीच रीत होती. मोठमोठ्या पाहुण्यांचे बूट ओले झाल्याचे मी नंतर ऐकले.

मी वार्ताहर झालो तरी मुळात संस्कृत शिकलेला माणूस. पानावर थेंब दिसला की वैराग्यावर बोलायची आम्हाला खोड. मी बोललोही, बराच वेळ. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"शास्त्रीबुवा, तुमच्या कवींनी इतकी वर्षं थेंबच पाह्यला. पानाकडे कोनी पाह्यलं?"

तेव्हापासून मी शास्त्रीबुवा झालो, आणि त्या सगळ्यांच्या होत्याच, तशा माझ्याही हमीदा आपा झाल्या.

पानाकडे पाहून आपांना वैराग्य सुचले नाही, मलमपट्टी सुचली. अळूच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे मेणकट उंचवटे असतात, म्हणून त्याला पाणी चिकटत नाही. पट्टीला तसे अंग दिले तर रक्त धरणार नाही आणि पट्टी काढताना नवी कातडी सोलली जाणार नाही. जखमेतला पाझर मात्र बाहेर निघायला हवा. त्यासाठी मधूनमधून पाणी ओढणाऱ्या कापसाच्या रेघा. कच्चा कापूस अंगच्या मेणामुळे पाण्यावर तरंगतो आणि सोड्यात उकळला की घटाघटा पाणी पितो, हे त्या सांगू लागल्या की एखाद्या गुणी भाच्याचे कौतुक चालले आहे असे वाटे. त्या काळात कापसाचे नाव निघाले की माणसे खाली पाहत. आपा तेवढ्या हसत.

पट्टीची खरी परीक्षा अकोल्यात झाली. जुन्या शहरातल्या वेणूताई हार-गजरे करून विकतात. उकळत्या पाण्याने त्यांचा उजवा तळहात भाजला होता. साधी पट्टी दर खेपेला कातडी घेऊन निघे, म्हणून त्यांनी रुग्णालयात येणेच सोडले होते. शल्यविशारद डॉ. गावंडे यांनी स्पष्ट सांगितले होते, की असेच चालले तर बोटे आखडतील आणि सुईदोरा कायमचा सुटेल. रुग्णालयाच्या समितीने परवानगी दिली, वेणूताईंनीही होकार दिला आणि आपांची पट्टी बांधली गेली. पहिल्यांदा ती अलगद निघाली. दुसऱ्या खेपेला अशी चिकटली, की वेणूताई हात पोटाशी धरून उठल्या आणि आता येणार नाही म्हणाल्या.

चौकशीत उलगडले ते असे: सासूबाई रोज संध्याकाळी पट्टी उचलून आत हळद-तेल सोडत होत्या. पाणी झिडकारणाऱ्या त्या पट्टीने तेल मात्र आनंदाने पिऊन टाकले आणि अळूचा गुण गेला. डॉ. गावंडे रागावले. सासूबाई जराही हलल्या नाहीत.

"जखमेले कोरडं ठेवून राह्यले. मानूस हाय का पापड?"

परतीच्या एसटीत आपा मूर्तिजापूरपर्यंत ती तेलकट पट्टी उलटसुलट करून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "वऱ्हाडात जखम तिथं तेल. मी अळूले इचारलं, सासूले इचारलंच नाही."

तेल बंद करायला सांगण्याऐवजी त्यांनी दुसरे पान गाठले. घटपर्णी या कीटकभक्षक वनस्पतीच्या घटासारख्या पानाच्या काठावर ओलाव्याचा पातळ थर असतो. त्यावरून मुंगी घसरते. आपांनी पट्टीतच निर्जंतुक तेलाचा थर मुरवला, की रक्तही तसेच घसरावे. मग त्या स्वतः वेणूताईंच्या घरी गेल्या. पट्टीत तेल आधीच आहे हे कळल्यावर सासूबाईंनी वास घेऊन पाहिला, हळद नसल्याची नाराजी व्यक्त केली आणि हात आवरला. वेणूताईंना आपांनी एवढेच सांगितले, की दुखले तर हात ओढून घे, मी रागावणार नाही.

पट्टी सोडायच्या दिवशी वेणूताईंनी डोळे घट्ट मिटले होते. त्यांचा डावा हात आपांच्या हातात होता आणि उजव्या हाताची पट्टी डॉ. गावंडे सोडवत होते.

"आपा, कवा काढता?"

"काढली."

वेणूताईंनी डोळे उघडून तळहात पाहिला आणि हसू लागल्या. गावंडेही हसले, आणि मला त्या दिवशीची बातमी मिळाली.

आपा कधी हार घालून घेत नाहीत. निवृत्तीच्या समारंभातला हार त्यांनी माझ्या गळ्यात टाकला होता आणि वर सांगितले होते, की शास्त्रीबुवांना शोभतो. साठीनिमित्त मात्र त्यांनी एका हाराला संमती दिली आहे. तो वेणूताई स्वतः ओवत आहेत, पाचही सरळ बोटांनी. सासूबाईंनी सोबत हळदीची पुडी पाठवली आहे. ती कोणत्या जखमेसाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पंच्याहत्तरीचा हारही आपणच करणार, असे वेणूताईंनी आत्ताच बजावून ठेवले आहे. तोवर आणि त्यापुढेही आपांनी ठणठणीत राहावे, येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट ओले करावेत. दोघींच्या आयुष्याची दोरी एकाच रिळातली असो, आणि ते रीळ वेणूताईंच्याच हातात राहो.