मांडीवरचा ताल

छप्पन साली भाषावार प्रांत होऊन म्हैसूर राज्य मोठं झालं आणि बेळगाव-धारवाडकडचे मराठी अंमलदार बदलून बंगळूरला आले. चामराजपेटेतल्या आम्हा जुन्या बंगळुरी मराठी लोकांच्या गणेशोत्सवाची समिती त्यांनी वर्षभरात हातात घेतली आणि नियम काढला: गाणाऱ्यानं आधी समितीपुढं परीक्षा द्यायची. देवापुढं गायला परीक्षा!

माझी थोरली बहीण, आमची अक्का, गाणं शिकली ती रामनवमीच्या मांडवात कर्नाटकी गाणं ऐकत बसून. तिथं ऐकणारासुद्धा मांडीवर ताल धरतो. आधी टाळी, मग एकेक बोट. अभंग म्हणतानाही तिचा हात तसाच चालायचा. त्या वर्षी तिला गणपतीपुढं गायचंच होतं. लग्न ठरलेलं, सासर होसकोटेला, तिथं कोण गाऊ देणार?

समितीच्या चिटणिसांनी विचारलं, "राग कुठला?"

"नाव ठाऊक नाही. गाऊन दाखवते की."

"आरोह-अवरोह तरी?"

"तेही गाण्यातच येतंय, अण्णा."

"अण्णा नव्हे, साहेब म्हणा."

ती गायली. चिटणिसांचे डोळे मिटले होते, मी पाहिलं. मग उघडले ते थेट तिच्या हातावर. "आवाज बरा आहे. पण हे काय, भाकऱ्या थापताय? आपल्या गाण्यात ही मद्रासी थापटाथापटी चालत नाही. हात आवराल तर एक अभंग देऊ."

मी त्या रात्री पत्रक काढलं: 'संगीत कुणाच्या बापाची जहागीर?' मांडवाच्या दारात वाटलं. दुसऱ्या दिवशी समितीनं त्याच कागदात प्रसादाची उसळ बांधून दिली. वर चिटणीस म्हणाले, "कागद चांगला वापरता हं तुम्ही."

अक्का गायली, हात मांडीखाली दाबून. दुसऱ्या कडव्याला आवाज मोकळा झाला तसा हात आपोआप वर आला. पहिल्या रांगेतून चिटणिसांनी नुसतं बोट हलवलं. हात परत खाली गेला आणि गाणं तिथंच संपलं. पुढं नुसते स्वर येत राहिले, सगळे जागच्या जागी, सगळे मेलेले.

"आता कसं शास्त्राला धरून झालं!" चिटणीस म्हणाले. टाळ्यासुद्धा पडल्या.

मी ओरडायला उभा राहिलो. अक्का व्यासपीठावरून उतरत होती. तिनं माझा सदरा धरून खाली ओढलं.

"बैस रे. गायला मिळालं ना? तेवढं तरी राहू दे मला."