गुलाबी कार्डाच्या मागची तिसरी ओळ

तुमच्या घरात उधारीचं जे खातं चालतं ते कुणाच्या नावावर आहे, आणि ते वेळेवर फेडतं कोण? दोन्हीचं उत्तर एकच माणूस असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. आमच्या घरात ती दोन वेगळी माणसं होती, आणि सतरा वर्षांची होईपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नाही. खरं तर अन्याय ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं मला तेव्हा वाटत असे.

बाबा नागपुरातल्या एका कापड गिरणीत विणाई खात्यात कायम कामगार होते. युनियनची पत्रकं वाटायचं काम त्यांच्याकडे असे आणि उरलेली पत्रकं घरी येत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असत. अक्षरओळख झाल्यावर मी पहिल्यांदा सलग वाचलेले शब्द 'महागाई भत्ता' हे होते. बाबांना त्याचा फार अभिमान होता. आई म्हणायची, "बाकीच्या पोरी गाणी म्हणतात, माही पोट्टी मागण्या म्हणते."

गिरणीतल्या कायम कामगारांसाठी एक सहकारी भांडार होतं. तिथं तेल, साखर, डाळ, साबण, सणाला कापड, सगळं उधारीवर मिळे. त्यासाठी घडीचं एक जाड गुलाबी कार्ड होतं. पुढच्या बाजूला खातेदार म्हणून बाबांचं नाव. मागे तीन ओळी: खातेदाराऐवजी माल कोण नेऊ शकतं, त्यांची नावं. पहिल्या ओळीवर आई, दुसऱ्या ओळीवर मी. तिसरी कोरी. महिन्याचा माल घ्यायचा आणि पुढच्या दहा तारखेला भांडाराच्या खिडकीवर सगळे पैसे भरायचे. भरले की निळा शिक्का, 'जमा'. राहिले की लाल शिक्का, 'बाकी'.

दहा तारखेला खिडकीवर जायची ती आई. बाबा पगाराचं पाकीट तिच्या हातात देत आणि मोकळे होत. पाकिटात कमी पडलं तर ती आपल्या शिलाईच्या पैशातून भर घाली. गल्लीतल्या एका विधवा बाईंचं मशीन महिन्याच्या भाड्यानं आमच्याकडे होतं, त्यावर आई सीताबर्डीच्या बाजारातल्या एका दुकानासाठी परकर शिवत असे. आईला वाचायला वेळ लागे, पण रंग तिला लांबून कळत. निळा शिक्का बसला की ती खिडकीपासून बाजूला होऊन त्यावर फुंकर घालायची. शाई वाळेपर्यंत कार्ड मिटायची नाही. मागे रांगेतल्या बायका हसत, "काहून वं, पोळी भाजून राहिली का?" अकरा वर्षं तिनं अशी फुंकर घातली आणि अकरा वर्षांत एकही लाल शिक्का बसला नाही.

माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, कुहीकडच्या गावातून आले ते त्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी कायम माणूस गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळायचं. नाही तर घरी परत. काका-काकू आमच्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहत. बदली कामगाराला भांडाराचं कार्ड नव्हतं. तोच साबण, तीच डाळ काकूला कोपऱ्यावरच्या दुकानात जास्त दरानं घ्यावी लागे.

यावर मी पेटले. कायम आणि बदली यांच्यात भेद करणारा नियम कामगारांच्याच भांडारात कसा, असं मी जेवताना भाषण केलं. नियम बदलेल तेव्हा बदलेल, आपल्या कार्डावर तिसरी ओळ रिकामी आहे, तिथं काकांचं नाव टाका.

आई ताटात भात वाढत होती. म्हणाली, "नाव टाकाले एक मिनिट लागते वं. मंग त्या नावाच्या मागं मलेच फिरा लागते."

"आई, तू काकांवर विश्वास नाही ठेवत का?"

"भाऊजींवर ठेवतो. त्यांच्या फाटकावर नाई ठेवत. कधी उघडते, कधी नाई."

आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी असंच 'करतो, ठेवतो' बोलतात. आईचं ते वाक्य मला फार उशिरा नीट ऐकू आलं. त्या दिवशी मला त्यात फक्त कंजूषपणा दिसला. बाबा म्हणाले, "पोट्टी बरोबर बोलून राहिली. भाऊ आहे माहा." दुसऱ्या दिवशी अर्ज मीच भरला आणि कार्डाच्या तिसऱ्या ओळीवर काकांचं नावही मीच लिहिलं, माझ्या सुंदर अक्षरात. आईला कुणी पुन्हा विचारलं नाही.

पहिले तीन महिने काकांनी माल नेला आणि नऊ तारखेला पैसे आईच्या हातात आणून दिले. येताना विनोद करत, "घ्या वहिनी, सावकाराचा हप्ता." आई हसायची. मी तिच्याकडे बघायचे, विजयी चेहऱ्यानं.

त्याच दिवसांत मशीनवाल्या बाईंनी सांगितलं की त्या मुलाकडे राहायला जाणार आहेत आणि मशीन विकणार आहेत. पहिला हक्क आईचा, पण दोन महिन्यांत पैसे हवेत. चाळीजवळ एक पतपेढी होती. आईनं तिथं स्वतःच्या नावानं एक शेअर घेतला, सभासद झाली आणि मशीनसाठी कर्जाचा अर्ज टाकला. जामीन बाबा; कर्ज देण्याआधी पतपेढी जामिनाचं भांडाराचं कार्ड तपासत असे. मला आठवतं, त्या आठवड्यात तिनं मशीनच्या चाकाला नवीन पट्टा आणून लावला. भाड्याच्या वस्तूवर ती कधी खर्च करत नसे.

चौथ्या महिन्यात दहा तारखेला आई खिडकीवर गेली तर कारकुनानं सांगितलेली रक्कम तिच्या हातातल्यापेक्षा बरीच जास्त. कार्डावर तेवढा माल चढलेलाच नव्हता. काका कार्ड न नेताच माल घेऊन गेले होते. तिसऱ्या ओळीवर नाव होतं, कारकून ओळखत होता, त्यानं भांडाराच्या वहीत लिहून घेतलं. आईनं होतं ते भरलं. कार्डावर पहिला लाल शिक्का बसला.

घरी आल्यावर ती बाबांना म्हणाली, "भाऊजींना विचारा." बाबा म्हणाले, "मी भावाले हिशोब मागू का?" आणि मी, घरातली पत्रकवाली, बाबांच्या बाजूनं उभी राहिले. म्हणाले की हिशोब मागणं म्हणजे अविश्वास, आपणही शेवटी दुकानदारासारखेच झालो. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकाला लागली. काकांना कुणीच विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मागची बाकी आणि नवा माल मिळून पुन्हा कमी पडलं. दुसरा लाल शिक्का.

आठवड्यानं पतपेढीच्या चिटणिसांनी आईला बोलावलं. मी बरोबर गेले. आम्ही नेलेलं गुलाबी कार्ड त्यांच्या टेबलावर उघडं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि कार्ड आमच्याकडे वळवलं.

"बाई, जामिनाच्या कार्डावर सलग दोन लाल. एक वर्ष कर्ज देता येत नाही. नियम आहे."

आई म्हणाली, "याच्या आधी अकरा वर्षं निळेच आहेत, साहेब. मीच भरले."

"ते बरोबर आहे. पण ते तुमच्या यजमानांचे. खातं त्यांचं आहे ना."

"मंग लाल कोणाचे?"

चिटणीस म्हणाले, "खातं त्यांचं, त्यामुळे तेही त्यांचेच. पण अर्ज तुमचा, जामीन ते. म्हणजे तुम्हालाही लागतात."

निळ्यांचा मालक एकटा आणि लालात सगळ्यांची भागीदारी. आयुष्यभर मी पत्रकांतून शोषणाच्या व्याख्या वाचल्या, पण इतकी साधी आणि इतकी नेमकी व्याख्या मला कुणी दिली नव्हती. आणि ती एका सभ्य माणसानं, पंख्याखाली बसवून दिली.

घरी येऊन मी कागद काढला आणि पतपेढीविरुद्ध पत्रक लिहायला बसले. 'माता-भगिनींनो' इथपर्यंत आले होते. आई शेजारी येऊन उभी राहिली.

"कोणाले लिहून राहिली?"

"चिटणिसांच्या विरोधात."

"त्यानं काय केलं? त्याले जे दिसलं ते त्यानं वाचलं. तिसऱ्या ओळीवर अक्षर कोणाचं आहे?"

ती रागावली नव्हती. अक्षर माझंच होतं. मी पेन खाली ठेवलं. तो कागद मी फाडला नाही. अजून आहे, त्या एका संबोधनासकट.

ठरलेले दोन महिने संपले. महाल भागातल्या एका शिंप्यानं मशीन घेतलं. न्यायला दोन माणसं आली त्या दुपारी आईनं मशीनला तेल दिलं, कपड्यानं पुसलं, बॉबिन काढून कागदात बांधून वेगळी दिली आणि नवीन पट्टा तसाच राहू दिला. माणसांनी मशीन उचलून व्हरांड्यातून नेलं तेव्हा काका आपल्या दारात उभे होते.

"वहिनी, मशीन काहून चाललं?"

आई म्हणाली, "कर्ज नाई भेटलं, भाऊजी. कार्ड खराब झालं."

"कार्डाचा अन् मशीनचा काय संबंध? कार्ड त दादाचं आहे."

"पैसे मी भरतो," आई म्हणाली.

काका व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि जे त्यांनी काकूलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दोन महिन्यांपासून फाटकावर त्यांचं नाव जवळजवळ पुकारलंच गेलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचे, तलावाकाठी बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळी परत यायचे. सासरची माणसं राहायला आली होती, त्यांच्यासमोर घरात तेल-साखर नाही असं दिसू नये म्हणून भांडारातून आणत गेले. "मले वाटलं, दादाच्या पगारातून कापून जाईल. दादाले थोडंसं जड जाईल, मंग मी देऊन टाकीन." त्यांनी आईकडे पाहिलं नाही. "तुमच्या शिलाईतून जात असन, हे मले कोणी सांगतलंच नाई, वहिनी."

कोण सांगणार होतं? बाबांना ते सांगण्यात कमीपणा वाटे, आईला ते सांगणं शोभलं नसतं, आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं. एका खात्यावर चार माणसं होती आणि त्या खात्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर आहे, हे चौघांपैकी फक्त एकीला पुरतं माहीत होतं.

बाबा संध्याकाळी आले, त्यांना सगळं कळलं. त्यांनी कार्ड मागितलं आणि पेन काढलं, तिसरी ओळ खोडायला. आईनं कार्ड दिलं नाही.

"नाव राहू द्या. जावेनं पुन्हा कोपऱ्यावरून महाग डाळ घ्यावी काय?" मग काकांकडे वळून म्हणाली, "पण कार्ड नेल्याशिवाय माल आणायचा नाई. अन् दहा तारखेले माह्यासंग खिडकीवर उभं राहायचं. पैसे असो, नसो."

काका उभे राहू लागले. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. बायका त्यांना म्हणत, "काय गा, तू बी फुंकर मारतं का?" ते म्हणायचे, "मारतो ना. शिकून राहिलो." कधी पैसे आणायचे, कधी रिकाम्या हातानं उभे राहायचे, त्या महिन्यात काकू आईबरोबर परकरांना नाडीच्या पट्ट्या घालायला बसे. पुन्हा लाल शिक्का बसला नाही. पण वर्षभर आई हातानं शिवत होती, आणि हातशिलाईला सीताबर्डीचा दुकानदार निम्मेच पैसे देई. तिच्या उजव्या मधल्या बोटावर तेव्हा पडलेला घट्टा अजून गेलेला नाही.

तिनं आणखी एक केलं, कुणालाही न सांगता. पतपेढीत आपल्या शेअरवर स्वतःचं बचत खातं उघडलं आणि दर सोमवारी त्यात दोन रुपये टाकू लागली. कधी एकच. वर्ष झाल्यावर ती चिटणिसांसमोर गेली, गुलाबी कार्ड न नेता. तिनं पासबुक ठेवलं. त्यावर एकच नाव होतं. चिटणिसांनी पानं उलटली आणि म्हणाले, "बाई, यात एकही सोमवार चुकला नाही."

"चुकला आहे," आई म्हणाली. "होळीचा. तुमचं ऑफिस बंद होतं."

कर्ज मंजूर झालं. जुनं मशीन कधीच हातचं गेलं होतं, दुसरं घेतलं, थोडं खडखडणारं. काकांनी ते हातगाडीवरून आणलं. ते अजूनही बदलीच होते. बदलीला कार्ड न देण्याचा नियम मात्र आमच्या कुठल्याच शहाणपणानं बदलला नाही, त्यासाठी पत्रकंच लागतात, आणि ती मी आजही लिहिते.

पण आता पत्रक लिहिण्याआधी मी एक गोष्ट करते, तीच तुम्हीही करा. आज घरी गेल्यावर उधारीचं कार्ड, वही, पासबुक, जे असेल ते काढा. नाव कुणाचं आहे ते बघा. मग महिन्याच्या ठरल्या तारखेला खिडकीवर कोण उभं राहतं, ते घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारा. ती व्यक्ती दुसरी असेल, तर याच आठवड्यात तिला बरोबर घेऊन जा आणि तिच्या एकटीच्या नावानं एक खातं उघडून द्या, दोन रुपयांचं का असेना. आणि कोऱ्या ओळीवर आणखी कुणाचं नाव लिहायचं असेल, तर पेन उचलण्याआधी तिला विचारा.