लूम चालू असताना

माझ्या मोटरसायकलचा आवाज गेला, असं मी गल्लीतले पावरलूम चालू असताना जाहीर केलं.

बुऱ्हाणपूरच्या माणसानं तरी ही चूक करू नये. आमच्या घराला लागून लूमचा एक कारखाना, समोर दुसरा. लाइट असेपर्यंत खटाखट, खटाखट. त्यात जन्म गेल्यावर कानाला तीच शांतता वाटते. गाडीच्या मीटरनं एकदा सगळे नऊ दाखवून पुन्हा शून्यापासून सुरुवात केली होती आणि इंजिनातली कॅमची चेन ढिली होऊन डब्यात खडे हलवल्यासारखी वाजत होती. हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. शाळेत मी वर्गात शिरायच्या आधीच मुलं पुस्तकं उघडून बसलेली असत. तो मी माझा दरारा समजत होतो.

शेवटी बायको म्हणाली, "इच्छापूरला देवीला जायचंय. ह्या खटाऱ्यावर मी बसणार नाही. रविवारपर्यंत आवाज गेला नाही तर माझा भाऊ येऊन गाडी घेऊन जाईल. त्याच्या केळीच्या बागेत कोण ऐकतंय."

मी सिलिंडरच्या मागचा टेन्शनर काढला. चेन झिजत जाते तसा हा स्प्रिंगच्या जोरावर दांडा पुढे सरकवतो आणि तिला ताणून धरतो. माझ्या गाडीचा दांडा निम्म्यातच अडकला होता. रॉकेलनं धुतला, फुंकर मारली, दोन बोल्ट आवळले, किक मारली. आवाज नाही. बायकोला बाहेर बोलावलं, समोरच्या लूमच्या मिस्त्रींनाही. मी हँडलवर हात ठेवून फोटोला उभा राहावं तसा उभा. तेवढ्यात लाइट गेली. एकेक लूम थांबला, आणि गल्लीत माझी गाडी एकटीच खडखडत राहिली.

मिस्त्री म्हणाले, "सर, आवाज तर जैसा का वैसा आहे. स्प्रिंगमध्ये जान नाही, धुऊन काय होणार?"

शनिवारी इतवारा बाजारातून नवा टेन्शनर आणला. या वेळी अक्कल वापरली, म्हणजे मिस्त्रींची. प्लग काढून गाडी गियरमध्ये टाकली आणि मागचं चाक हातानं फिरवत पिस्टन पार वर आणला. टेन्शनरच्या मागच्या भोकातून बारीक पेचकसानं दांडा आत फिरवून धरला, बोल्ट बसवले, पेचकस सोडला. आत कट् झालं. प्लग लावला, पण किक मारली नाही. पायरीवर बसून लाइट जायची वाट पाहू लागलो. लाइट जावी म्हणून देवाला हात जोडणारा गल्लीत मीच पहिला.

दुपारी गेली. लूम थांबले. किक मारली, आणि मला वाटलं इंजिन बंदच पडलं. सायलेन्सरमागे हात नेला तर गरम वारा लागत होता. मिस्त्रींनी टाकीला कान लावला, मान डोलावली आणि आत गेले. त्यांच्याकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

रविवारी मेहुणा गाडीवर परत जायच्या तयारीनं बसनं आला, आणि बसनंच परत गेला. आम्ही इच्छापूरला निघालो. दांडा कसा अडकला, मी कसा ओळखला, कट् कसं झालं, हे सगळं मी बायकोला शहर सोडल्यापासून देवीच्या पायऱ्यांपर्यंत समजावून सांगितलं.

उतरल्यावर पदर सारखा करत ती म्हणाली, "खडखडत होती तेच बरं होतं. तुमचं बोलणं तरी ऐकू येत नव्हतं."