हनुवटी टेकली का?

इंगोले डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेलूबाजारला दुकानात बियाण्याच्या थैल्या रचत होतो. झोपेतच गेले, एवढंच त्यांच्या मुलाने सांगितलं. घरी येऊन वंदनाला, माझ्या बायकोला, सांगितलं. तिने गॅसवरचा तवा उतरवला आणि तिथेच खाली बसली... तिला आज जे काही आयुष्य आहे, ते त्या माणसामुळे.

आमच्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. उन्हाळ्यात अंगणात कुरडया घालताना वंदना डोकं धरून मटकन बसली, उलटीही झाली. माझ्या आईने तिथल्या तिथे निदान केलं, ऊन लागलं. तळपायाला कांद्याचा रस, कैरीचं पन्हं, डोक्याला करकचून बांधलेला रुमाल, उपचारांत कसलीच कसर नव्हती. दुसऱ्या दिवशीही दुखणं थांबेना, तेव्हा तिला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. तातडीच्या विभागात इंगोले डॉक्टर होते आणि बाहेर ही गर्दी. त्यांनी विचारलं काय होतंय, उत्तर आईने दिलं. कधीपासून होतंय, तेही आईनेच सांगितलं. सासू बोलत असताना सुनेने मध्ये बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, त्यामुळे वंदना डोळ्यांवर पदर ओढून गप्प. इंजेक्शनने दुखणं उतरलं आणि डॉक्टरांनी आम्हाला घरी जायला सांगितलं.

निघताना आईने खुणावलं तशी वंदना त्यांच्या पाया पडायला वाकली. कमरेत वाकली, पण मान ताठच राहिली. डॉक्टरांनी तिला दंडाला धरून खाटेवर बसवलं, हनुवटी छातीला लावायला सांगितली. लागेना. मग ते आईकडे वळले.

"आता तुमी बोलू नका, मायबाई. जिचं डोकं दुखते तिलेच बोलू द्या. सांग बाई, हळूहळू धरलं का एकदम?"

"एकदम," वंदना म्हणाली. "सोऱ्या हातातच होता, अन् डोक्यात कायतरी फुटल्यावानी झालं. असं मले कधीच दुखलं नव्हतं."

स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं, मान त्यामुळेच आखडली होती. एक नस फुगून फुटली होती. ती पुन्हा फुटली असती तर... पण त्याच दिवशी अकोल्याला हलवलं, ऑपरेशन झालं आणि ती वाचली.

आम्ही पेढे घेऊन गेलो तर डॉक्टर आमच्यावरच चिडले. "पेढे कायचे देता? मी तर हिले घरी पाठवून राह्यलो होतो." इंजेक्शनने दुखणं उतरलं म्हणजे धोका टळला असं नसतं, हे पुस्तकात वाचलेलं मी त्या दिवशी विसरलो, असं ते पुढे कुणालाही सांगत. एवढा मोठा डॉक्टर, पण स्वतःची चूक कधी लपवली नाही. मला तो माणूस फार आवडायचा. त्यानंतर डोकेदुखीचा पेशंट आला की ते आधी नातेवाइकांना गप्प करत. दुखणं एकदम आलं का, असं आधी कधी झालं होतं का, हे पेशंटच्याच तोंडून ऐकत आणि मान वाकवून बघत. बहुतेकांना गोळ्या देऊन घरी पाठवत, पण विचारल्याशिवाय नाही. कितीतरी सासवा त्यांच्यावर रुसून गेल्या. माझी आई मात्र सुधारली. आता पाहुणे वंदनाची तब्येत विचारतात तेव्हा ती म्हणते, "तिलेच विचारा."

दर दसऱ्याला आम्ही त्यांच्याकडे सोनं द्यायला जायचो. ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेले असत. वंदना पाया पडायला वाकली की वरून ठरलेला प्रश्न यायचा, "हनुवटी टेकली का?" ती म्हणायची, टेकली. मग ते म्हणायचे, "मंग जाय, चहा मांड." त्यांच्या घरात चहा करायचा मान तिचा होता.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेलो. खुर्ची तिथेच होती, उशीसकट. काकूंना ती हलवावीशी वाटली नव्हती. वंदना खुर्चीपुढे वाकली. मान पूर्ण खाली गेली, हनुवटी छातीला लागली, आणि ती बराच वेळ तशीच राहिली.

"टेकली, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली.

मग डोळे पुसून ती चहा मांडायला आत गेली.