काकीने घेतलेली नावं

"जेवलास का रं?" एक हात चौकटीवर ठेवून, दुसऱ्याने पदर कमरेला खोचत ती रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला अडवायची. जेवला असेल तर काय जेवलास ते विचारायची, नसेल तर झापायची. वाढायची मात्र क्वचितच. तिच्याकडे वाढायला फारसं नसायचंच. तरी आष्ट्याजवळच्या आमच्या त्या गावात लोक वाकडी वाट करून तिच्या दारावरून जात. आमचं दार तिच्या भिंतीला लागूनच होतं. तिथे मात्र त्यांची पावलं भराभर पडत.

मुलांनो, ती गावच्या कुलकर्ण्यांची विधवा. सगळं गाव तिला काकी म्हणे. मी बी.ए. झालेली, तुमचे आजोबा साताऱ्यात वकील. सुट्टीत गावी गेलो की लोक त्यांना रावसाहेब म्हणत आणि मला काहीच म्हणत नसत. काकी तेवढी म्हणायची, तेही चारचौघींत. "वकिलीणबाई, केस इतके चापून बांधता, डोकं दुखत नाही का हो?" सगळ्या हसत. मला वाटायचं, मला तिचा राग येतो. राग नव्हता तो, हेवा होता, आणि माझ्या बाकीच्या वस्तूंसारखा तो मी अजून नीट जपून ठेवला आहे.

स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. दिल्लीहून महात्माजींच्या खुनाची बातमी आली आणि आमच्या भागात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. भिंतीला भिंत असल्यामुळे काकीचं आणि आमचं घर भर दुपारी एकदमच जळालं. आम्ही साताऱ्यात होतो. काकीला शेजारच्या मुलाण्याने हाताला धरून बाहेर काढलं आणि आपल्या परसात नेऊन बसवलं. तिला आणायला आम्ही मोटार पाठवली. ती रिकामीच परत आली.

भरपाईचा कायदा मी आजोबांच्या पुस्तकात वाचला. दंगलीत झालेलं नुकसान त्या गावच्याच रहिवाशांवर कर बसवून भरून काढायचं. ज्यांनी आग विझवायला मदत केली त्यांना तो कर माफ होऊ शके. दोन्ही घरांचे अर्ज मीच लिहिले. घर पुन्हा बांधायला आमच्याकडे दुसरा काही आधार नव्हता, आणि ते गाव सुटू नये असं मला फार वाटत होतं.

प्रांतसाहेब चौकशीला आले. चावडीपुढे सगळं गाव खाली माना घालून बसलं होतं. साहेब काकीला म्हणाले, "बाई, विझवायला कोण कोण आलं त्यांची नावं सांगा. त्यांना कर लागणार नाही."

इथेच साहेब चुकले. काकी उठली. "हा मुलाणी. त्याची बायको. तांबोळ्याचे तिघं भाऊ. दौलू, त्याची म्हातारी..." ती गल्लीगल्लीने नावं घेत निघाली. वेशीबाहेरची वस्तीसुद्धा तिने सोडली नाही.

"आवं काकी, मी तर तवा कडेगावला हुतो," एक म्हातारा कुजबुजला.

"गप रं. परत आल्यावर आणलंस पाणी."

शेवटी शिरपा उरला. त्या दुपारी रॉकेलची बाटली त्याच्या हातात होती, हे काकीने स्वतः पाहिलं होतं. तिने त्याच्याकडे बराच वेळ रोखून बघितलं. "आणि हा शिरपा. ह्यानं दोन घागरी आणल्या." शिरपाने मुंडाशाच्या शेवात तोंड लपवलं.

"एवढी माणसं विझवत होती, तरी दोन घरं गेली?" साहेबांनी विचारलं.

"वारा लई होता, साहेब."

आग लागली तेव्हा आम्ही तिथे नव्हतो, त्यामुळे तिला खोडून काढणार कोण? कर बसवायला गावात माणूसच उरला नाही. तिच्या भरपाईबरोबर आमचीही गेली.

मी तिला बाजूला गाठलं. "तुमचं तुम्ही सोडलंत. आमचं सोडायला कुणी सांगितलं होतं?"

"वकिलीणबाई, तुम्ही आता गाडीत बसाल," ती म्हणाली. "मला संध्याकाळी ह्यांच्याच विहिरीवर जायचंय."

 साताऱ्याच्या अर्ध्या वाटेवर आजोबा एकदम म्हणाले, "काय बाई आहे!" इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याविषयी ते या आवाजात कधी बोलले नव्हते. जळालेल्या घरापेक्षा मला ते जास्त लागलं.

त्या उन्हाळ्यात गावाने तिला दोन खोल्या बांधून दिल्या. वासे म्हणे शिरपाने आणले. आमच्या जागेचं आम्हाला कुणी विचारलं नाही.

काही वर्षांनी ती गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. शिरपा मुलाने करावं तसं डोकं भादरून ओट्यावर बसला होता. बायांमध्ये मला जागा करून देत एका नव्या सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुमी कोन म्हनायच्या? कुठनं आलासा?"

मी भिंतीपलीकडच्या आमच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे गुडघाभर गवत होतं आणि कुणाची तरी शेळी चरत होती.

"तितं कोन ऱ्हात न्हाई, आवं," ती समजुतीने म्हणाली. "ती जागा काकींचीच हाय." आणि तांब्या घेऊन पुढच्या बाईकडे वळली.