कबुलीनंतरचे पाणी

मंगळवारी माझ्या भावाने कोर्टात गुन्हा कबूल केला. तो गुन्हा त्याने केला नव्हता. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि चौथ्या महिन्यात तो तुरुंगात मेला.

एवढ्या ओळी कागदावर यायला माझी सगळी नोकरी संपावी लागली. आता सवड आहे, म्हणून पुढचेही लिहिते.

आम्ही ढिवर, मासे धरणारे लोक. आमचे गाव आलापल्लीच्या रस्त्यापासून आत, जंगलाला लागून. गावाला मालगुजारीच्या काळातला तलाव, आणि तलावावर आमचा मोहल्ला जगायचा. आमचा जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता, ते दिवस. मी चंद्रपूरला मास्तरीण व्हायचे शिकत होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायची. तो चौथीपर्यंत शिकला होता, पण सुटीत मी घरी आले की जाळे विणत बसायचा आणि मला म्हणायचा, "वाच काईतरी." मी वाचायची. गोष्ट संपली की त्याचा एकच प्रश्न असायचा, "मंग तो घरी आला का नाई?"

माझा बाप मोहल्ल्यातला वडीलधारा होता. भांडण झाले, कोणी दुसऱ्याच्या जाळ्यातली मासोळी काढली, तर लोक तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसायचे. ज्याच्याकडून चूक झाली त्याने उभे राहून म्हणायचे, "माया हातून झालं." मग बा पितळेच्या लोट्यातून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचा. तो ते प्यायचा आणि विषय मिटायचा. त्यानंतर कोणी ती गोष्ट उकरून काढली, तर उकरणाऱ्यालाच दोषी धरत. एका काकाने तर न चोरलेली कोंबडी कबूल केली होती. "बसून बसून कंबर मोडली माही. मीच खाल्ली समजा, अन् द्या पाणी." सगळे हसले आणि उठले. दुसऱ्या दिवशी कोंबडी परत आली. तरी काकाला कोणी काही विचारले नाही. पाणी पिऊन झाले होते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला दादाचे जाळे तलावाच्या मधोमध अडकले. त्याने बुडी मारून पाहिले तर खाली सागाचे ओंडके होते, एकाला एक लागून. जंगलातून चोरून तोडलेला माल कोणीतरी पाण्यात दडवला होता. जाळी फाटतात म्हणून दादाने दोन माणसांच्या मदतीने दोन ओंडके ओढून काठावर आणले. बाकीचे हलले नाहीत. मग तो स्वतः चालत जंगलखात्याच्या नाकेदाराकडे गेला आणि त्याला सांगून आला.

नाकेदार आला, त्याने पंचनामा लिहिला आणि दादाची सही घेतली. कागदात लिहिले होते की आरोपी मालासह मिळून आला. बाकीचे ओंडके कागदात नव्हते. मदतीला आलेली दोन माणसेही नव्हती.

दादाला अटक झाली. कोर्टाने जामीन दिला होता. पण जामीन राहणाऱ्याकडे शेतीचा सातबारा हवा. आमच्या मोहल्ल्यात कोणाच्याही नावावर शेत नव्हते आणि तलाव सरकारचा होता. म्हणून जामीन मिळालेला माझा भाऊ महिनाभर कोठडीतच राहिला.

मी वसतिगृहातून रजा घेऊन आले. तालुक्याच्या कोर्टाच्या भिंतीवर पाटी होती, गरिबांना मोफत वकील मिळेल. मी अर्ज लिहिला. अक्षर चांगले काढले. वकील मिळाला. तारखेच्या दिवशी सकाळी तो मला व्हरांड्यात भेटला, हातात चार फायली. दादाची फाईल त्याने माझ्यासमोरच पहिल्यांदा उघडली, पण माणूस हुशार होता.

"तलावात अजून लाकडं आहेत म्हणता?"

"हो. पाच तरी असतील."

"मग एका माणसाचं काम नाही हे. बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. त्याला नीट सांगा. साहेबांनी विचारलं की म्हणायचं, गुन्हा कबूल नाही. पुढचं मी बघतो. मी बाजूच्या कोर्टातून आलोच."

तो गेला. पोलिसांनी दादाला व्हरांड्यात आणून बसवले. त्याची दाढी वाढली होती. मला पाहून तो म्हणाला, "तू काऊन आली वं? परीक्षा नाई काय तुई?"

मी वकिलाचे म्हणणे त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि बाजूला बसलेल्या बापाकडे पाहिले.

बा म्हणाला, "काऊन वं, तुया वकील त्याले खोटं बोलाले शिकवते काय? लाकडाले हात लावला का नाई त्यानं?"

"लावला. पण बा, चोरलं नाही ना त्याने."

"मंग तेच सांगावं त्यानं. हात लावला म्हनावं, माया हातून झालं म्हनावं. मोठा साहेब आहे तो. खोट्याचा राग येते अशा मानसाले. खऱ्याले सोडते." मग तो दादाला म्हणाला, "मान्य कर अन् चाल घरी. महिना झाला, माय तुई जेवून नाई राह्यली."

मी दहावीच्या पुढे शिकलेली मोहल्ल्यातली पहिली मुलगी होते. कोर्ट म्हणजे तलावाची पाळ नव्हे, हे मला कळत होते. पण लोट्यातून पाणी देणाऱ्या बापाला सगळ्या लोकांसमोर तू चुकतोस म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची कुठल्या कोर्टात तारीख लागत नाही.

पुकारा झाला. वकील आला नव्हता. मी चपराशाला म्हटले, वकीलसाहेब शेजारी आहेत, जरा बोलवा. तो म्हणाला, "येतील ना बाई. नुसतं विचारायचं तर आहे."

साहेबांनी आरोप वाचून दाखवला. दादाला त्यातले किती कळले, मला माहीत नाही. मग विचारले, "गुन्हा कबूल आहे?"

दादा म्हणाला, "होय जी. माया हातून झालं."

"कोणाच्या दबावाखाली सांगत नाही ना?"

"नाई जी. खरं सांगून राह्यलो."

साहेब लिहू लागले. दादा पिंजऱ्यातून किंचित पुढे वाकला आणि त्याने ओंजळ पुढे केली.

तो तसाच उभा राहिला. आधी कोणाचे लक्ष गेले नाही. मग कारकुनाने वर पाहिले.

"काय पाहिजे रे?"

"पानी, जी."

मागच्या बाकावरून कोणीतरी हसले. चपराशी म्हणाला, "पानी बाहेर आहे रांजणात. इथी काय प्याऊ लावली काय?" मग बरेच जण हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी शांतता राखायला सांगितले आणि शिक्षा वाचली. ओंजळ तेव्हाही उघडीच होती. पोलिसाने त्याचे हात धरून खाली केले.

वकील धावत आला तेव्हा पुढचा पुकारा झाला होता. "बाई, काय केलं हे तुम्ही? एवढं समजावून सांगितलं होतं." मी अपिलाचे विचारले. तो म्हणाला, "स्वतः कबूल केलंय. आता शिक्षा कमी करा एवढंच मागता येईल. निकालाची नक्कल मिळाली की बघू." नक्कल मिळायला दोन महिने गेले. तोपर्यंत त्याच्या जागी दुसरा वकील नेमला होता. त्याने पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.

बा मात्र व्हरांड्यात बसून राहिला होता. शेवटची एसटी निघायची वेळ झाली तरी उठेना. "सोडतीन आता," तो म्हणायचा. "मान्य केलं ना त्यानं."

पावसाळ्यात तुरुंगात तापाची साथ आली. दादाचा हिवताप डोक्यात गेला. कोतवालाने निरोप आणला तेव्हा मी उन्हाळ्यात हुकलेल्या परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन घरी आले होते. प्रेताबरोबर एक कागद होता. त्यावर बाने अंगठा दिला. त्यात काय लिहिले आहे, ते त्याने मला वाचू दिले नाही.

कोणी कायदा मोडला असे मी म्हणू शकत नाही. वकील फुकट मिळाला. प्रश्न मराठीत विचारला गेला. दबाव नाही ना, हेही विचारले. फक्त तू काय केलेस, हे माझ्या भावाला कोणीच विचारले नाही. पाटी अजून त्या भिंतीवर आहे. मध्ये एकदा नव्याने रंगवली.

बाने त्यानंतर लोट्याला हात लावला नाही. तो गेल्यावर दुसऱ्या कोणी ते काम घेतले नाही. पाळीवर बसणे बंद झाले. भांडणे आता ठाण्यात जातात आणि आमच्या मोहल्ल्यात कोणी काही कबूल करत नाही.

उन्हाळ्यात तलावाचे पाणी उतरले की ओंडक्यांची टोके दिसतात. पाच आहेत.